दगडाची वरची बाजू

१ सप्टेंबर, सोमवार

घरातून निघाल्यापासून आज एकही मराठी शब्द तोंडातून गेला नाही, म्हणून ही वही. यापुढे खाणीवर जर्मन, जपानच्या लोकांशी इंग्रजी, ऑफिसचा अहवालही इंग्रजीत. मराठी कुठेतरी जायला हवी, नाहीतर आत साचून आंबेल.

वोल्फ्सबुर्गहून तीन गाड्या बदलून दक्षिण जर्मनीत, फ्रँकोनियातल्या या खेड्यात पोचायला सहा तास लागले. बेकरीच्या वर एक खोली मिळाली आहे. घरमालकीणबाईंनी चार रंगांच्या कचऱ्याच्या डब्यांबद्दल पाऊण तास समजावलं आणि मी मान डोलावत राहिलो.

निघताना ऊर्मिला दारात उभी होती. म्हणाली, "नागेश, पहिल्या अ‍ॅडव्हेंटपर्यंत. त्यानंतर मी वाट बघणार नाही." मी म्हटलं, "अगं, मी काय काशीला चाललोय? तीस नोव्हेंबरला, नाताळच्या चार रविवार आधीच, घरी." ती हसली नाही. पूर्वी असल्या फुटकळ विनोदांनाही हसायची. लेक अन्वी शाळेत गेली होती. तिच्या टेबलावर चिठ्ठी ठेवली, मराठीत. तिला वाचता येणार नाही हे गाडीत बसल्यावर सुचलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

खाणीचा कारभारी हेर पॉप, म्हणजे पॉपसाहेब. वय चौसष्ट, गुडघे गेलेले, बोलणं इथल्या बोलीत, त्यामुळे मला निम्मं कळतं. निम्म्यावर मी "जा, जा, गेनाऊ", म्हणजे हो हो, अगदी बरोबर, म्हणतो. बारा वर्षं जर्मनीत काढून पुन्हा पुन्हा "काय म्हणालात" असं विचारायला लाज वाटते.

काम मात्र झकास आहे. जपानमधल्या एका बंदराच्या गावी एक मोठी इमारत उभी राहतेय. तळाला दुकानं आणि बसथांबा, त्यावर नाट्यगृह, मग छोटं संग्रहालय, मग वाचनालय आणि सगळ्यात वर लोकांची घरं. इमारतीच्या पोटातून एक गल्ली काढलीय, स्टेशनातून निघून थेट समुद्रावर उघडणारी. सगळ्या भिंतींना बाहेरून आतून एकच दगड, या खाणीतला चुनखडक. वास्तुकार काशिवागी-सान यांची कल्पना अशी की खाणीत जो थर सगळ्यात खाली तो इमारतीतही खाली, जो वर तो वर. दुकानातून जिना चढत घरापर्यंत गेलं की माणूस या टेकडीच्या तळापासून माथ्यापर्यंत आला. कागदावर बघताना मला पहिल्यांदा वेडेपणा वाटला होता. आता खाणीत उभं राहून थर बघितले आणि पटलं.

माझ्याकडे वाचनालयाची मोठी भिंत. एकशे शहाऐंशी लाद्या. त्या इथल्या हॉलच्या जमिनीवर भिंतीसारख्या मांडायच्या, फोटो टोकियोला पाठवायचे, आणि सगळं मनासारखं झालं की मी मंजुरीच्या कागदावर सही करायची. सही झाली की कंटेनर निघाला, आणि मीही घरी.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पॉप गुडघ्याच्या ऑपरेशनला गेले, दोन महिन्यांसाठी. जाण्याआधी तासभर हॉलमध्ये फिरवून बरंच काही सांगितलं. लाद्यांच्या कडांवर निळ्या मेणखडूने काढलेले बाण दाखवून काहीतरी म्हणाले. करवतीवरच्या माणसाच्या खुणा असतील. मी म्हटलं, गेनाऊ.

१७ सप्टेंबर, बुधवार

टोकियोहून निरोप आला की फोटोंत दगडावर राखाडी साय दिसते, रंग कळत नाही. करवतीचा गाळ वाळला की तसं होतंच. मी दोन गड्यांना सांगून सगळ्या लाद्या जोराच्या पाण्याने पुढून, मागून, कडांनी धुवून घेतल्या. संध्याकाळी उन्हात काय दिसल्या. फोटो पाठवले. काशिवागी-सान यांचं उत्तर आलं, "सुंदर." एक शब्द, पण जपानी माणसाने लिहिलेला.

ऊर्मिलाला फोटो पाठवला. तिने अंगठा पाठवला.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

या शनिवार-रविवारी घरी जायचं होतं. मांडणी मागे पडलीय, म्हणून फोन करून सांगितलं की जमत नाही. मला वाटलं आता तोफखाना सुरू होईल. पण ऊर्मिला म्हणाली, "ठीक आहे. आमचंही पोहण्याच्या स्पर्धेचं आहे." किती समजूतदार झालीय. मागच्या वर्षी अशाच एका शनिवारी तीन दिवस बोलली नव्हती.

शनिवारी इथे दुपारनंतर रस्त्यावर चिटपाखरू नसतं. आज मी खालच्या बेकरीत दोनदा गेलो. दुसऱ्यांदा काही नको होतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

दार लावून लिहायला बसलोय.

सकाळी टोकियोबरोबर व्हिडिओ मीटिंग. काशिवागी-सान म्हणाल्या, "थरांची क्रमवारी बरोबर आहेच. आणि प्रत्येक लादीची वरची बाजू वर आहे ना? पॉप-सान यांच्या बाणांप्रमाणे?"

मी म्हटलं, "ऑफ कोर्स."

वडिलांनी साताऱ्याकडे आयुष्यभर दगडाची कामं घेतली. विहिरी, देवळांची जोती, शाळांच्या भिंती. सगळा काळा दगड. काळ्या दगडाला ना वर ना खाली; लाव्हा थिजला आणि झाला. चिरा कसाही फिरवा, दगड तो दगड. मी त्यातच वाढलो. चुनखडक समुद्राच्या तळाशी थराथराने बसतो, त्याला डोकं आणि पाय असतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हाताला ठाऊक नव्हतं. हाताने दोन माणसांना पाण्याची नळी दिली.

लाद्यांवर नंबराच्या पट्ट्या शाबूत आहेत. कोणती लादी कुठे हे कळतं. पण बाण पाण्याबरोबर गेले; ती उलटी की सुलटी हे सांगणारं आता काही उरलं नाही. एकशे शहाऐंशी लाद्या, आणि प्रत्येकीला दोनच शक्यता.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दुकानातून निळा मेणखडू आणला. गडी जेवायला गेल्यावर बाण काढले. अंदाजाने. जिथे गडद रेघा खाली चांगल्या दिसल्या तिथे तसं. साठ झाले.

उलटी लादी सुलटीइतकीच टिकते. भिंत पडणार नाही, कोणाला इजा होणार नाही. तिकडे वाचनालयात येणारी माणसं पुस्तकं बघतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सांगितलं तर काम उन्हाळ्यापर्यंतही लांबेल. मग तीस नोव्हेंबरचं काय?

२० ऑक्टोबर, सोमवार

दिवाळी. ऊर्मिला आणि अन्वी शाळेच्या सुटीत समुद्रावर गेल्यात, ऊर्मिलाच्या ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर. मी हेर्त्सोगेनआउराखला प्रसन्न आणि स्वानंदीवहिनींकडे गेलो. हे दोघं पूर्वी वोल्फ्सबुर्गला आमच्या वरच्या मजल्यावर होते. घर भरलेलं, बारा-पंधरा माणसं, पोरं जर्मनमध्ये भांडतायत, आया मराठीत रागावतायत. बरं वाटलं आणि त्याहून जास्त नकोसं वाटलं.

वहिनी स्वयंपाकघरात म्हणाल्या, "नागेश भावजी, तुमचं ठीक चाललंय ना? परवा ऊर्मिलाशी बोलले मी."

"एकदम. तिनं काय सांगितलं?"

"काही नाही. बोलेलच ती." मग उगाच कढई घासायला लागल्या. निघताना चिवड्याचे, चकल्यांचे चार डबे दिले. मी म्हटलं, "अहो, एकट्याला किती?" तर डोळे भरून आले त्यांचे. वहिनी पहिल्यापासूनच हळव्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

ऊर्मिलाने पत्त्याच्या नोंदणीचा फॉर्म पाठवला. म्हणाली, "तू तिकडे आनमेल्डुंग करून घे. मुख्य पत्ता तिकडचाच टाक. सगळं सोपं पडेल." कागदपत्रांत ती माझ्या दहा पावलं पुढे, तेव्हा मी विचारलंही नाही. दुपारी राटहाउसमध्ये, म्हणजे गावच्या कचेरीत, गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "कुटुंब जिथे असतं तिथेच मुख्य पत्ता असतो."

"कुटुंब वोल्फ्सबुर्गला आहे."

"मग?"

"बायको म्हणाली इथला टाका."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग शिक्का मारला. एरवी इथे एका शिक्क्यासाठी तीन चकरा होतात. आज पाच मिनिटांत झालं.

बाण सगळे काढून झाले. मांडणीही झाली. वरच्या सज्जातून बघितली तर देखणी दिसते. तेच छळतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पॉप परत आले, काठी घेऊन. आल्या आल्या सज्जात चढले, एकेक पायरी. खुर्ची मागवली आणि भिंतीकडे बघत बसले. मी बाजूला उभा. दहा मिनिटं गेली असतील. मग म्हणाले, "हेर शेडगे, तुमचे बाण माझ्यापेक्षा सरळ आले आहेत."

मी आभार मानले, "डांके."

त्यानंतर दिवसभर कामाचं बोलले, बाणांचं नाही. शुक्रवारी सही. वीस तारखेला कंटेनर. आज अन्वीला फोनवर सांगितलं की मी येतोय, कायमचा. ती म्हणाली, "ओके." पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली आणि तिने फोन ठेवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला मंजुरीचा कागद टेबलावर होता. पॉप समोर बसून कॉफी ढवळत होते. साखर घालत नाहीत, तरी ढवळत होते. मी पेन उघडलं. माझ्या मनात काही थोर विचार आला नाही. एवढंच आलं की ही सही वडिलांनी समोर बसून माझ्याकडून पाटीवर गिरवून घेतलेली आहे, आणि ते स्वतः आयुष्यभर अंगठा उठवायचे.

मी म्हटलं, "बाण माझे आहेत. तुमचे मी धुवून टाकले."

पॉपनी चमचा बशीत ठेवला. "परवा सकाळीच दिसलं. पालथे शिंपले चाळीस वर्षं बघतोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"सही तुमची होती."

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर सोपं झालं असतं. काठी टेकत खाली आले, मला एका लादीपाशी नेलं आणि बोट ठेवलं. दगडात एक गोल शंख, आडवा कापला गेलेला. वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा पांढरा, मध्ये सरळ रेघ. ते सांगत होते आणि या वेळी न कळलेल्या प्रत्येक वाक्याला मी थांबवून विचारत होतो. शंख समुद्राच्या तळाशी पडला तेव्हा आत अर्धा गाळ भरला आणि सपाट बसला. वरच्या पोकळीत पुढे पांढरे स्फटिक झाले. गाळ ती खालची बाजू. गवंडी सपाटी बघायला वापरतात तशी, दगडात अडकून राहिलेली पाणसळच म्हणायची.

ही लादी मी उलटी लावली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी टोकियोला आणि त्सुफेनहाउझेनच्या आमच्या मुख्य ऑफिसला सगळं लिहून पाठवलं. साहेबांनी आज फोनवर आवाज न चढवता सांगितलं की निस्तर, आणि जपानमधल्या उभारणीला दुसरा माणूस जाईल. काशिवागी-सान यांनी लिहिलं, "कळवल्याबद्दल आभारी आहे. फेब्रुवारीपर्यंत थांबू." त्या आभारांपेक्षा शिवी परवडली असती.

आता प्रत्येक लादी भिंगातून बघायची. फेब्रुवारी उजाडणार.

संध्याकाळी ऊर्मिलाला सांगितलं. सगळं सांगितलं, मेणखडूसकट. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. खरंच बरं केलंस."

"पण फेब्रुवारीपर्यंत येता येणार नाही. रागावलीस?"

"नाही रे."

इतक्या मऊ आवाजात कितीतरी दिवसांत बोलली नव्हती. मला वाटलं, चला, खरं बोलण्याचा काहीतरी उपयोग झाला. ठेवताना तिने विचारलं, "तू इथून नक्की कोणत्या तारखेला गेलास? एका फॉर्मसाठी हवीय. लिहून पाठवशील?" फिनान्सआम्टचं असणार, दोन ठिकाणी राहणाऱ्यांना करात काहीतरी सूट असते. वही उघडून लगेच पाठवलं: एक सप्टेंबर.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिला अ‍ॅडव्हेंट. म्हटलं होतं ना येईन, आलो. एका दिवसासाठी का होईना, शब्द पाळला.

माझी कामाची खोली अन्वीची झालीय. भिंतीवर त्या बंदराच्या इमारतीचा नकाशा होता, तिथे आता पोहण्याची पदकं. छान लावलीत. टेबलाशी तीन खुर्च्या होत्या त्या दोन झाल्यात, तिसरी तळघरातून आणली. अन्वीने पहिली मेणबत्ती लावली. मी तिला शंखाची गोष्ट सांगितली, गाळ खाली आणि पांढरं वर. ती जर्मनमध्ये म्हणाली, म्हणजे उलटा झाला हे त्याला स्वतःला कळत नाही पण दुसऱ्याला दिसतं. मी म्हटलं, अगदी बरोबर. मग तिने आईला विचारलं की पप्पांना पाहुण्यांचा टॉवेल द्यायचा का. ऊर्मिला पटकन उठून स्वयंपाकघरात गेली.

ऊर्मिलाने माझे सगळे हिवाळी कपडे दोन बॅगांत भरून ठेवले होते. स्वेटर, बूट, आईने विणलेली कानटोपीसुद्धा. तिकडे थंडी फार म्हणून. उन्हाळ्यातले शर्टही होते त्यात. घाईत भरले असतील.

स्टेशनवर दोघी आल्या होत्या. ऊर्मिलाने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं. गाडी सुटेपर्यंत दोघी थांबल्या. बॅगा जड होत्या, तीनदा गाडी बदलताना खांदे भरून आले.

९ डिसेंबर, मंगळवार

एकशे एकतीस लाद्यांचा निकाल लागला. त्यातल्या अडुसष्ट उलट्या निघाल्या. अंदाजाने काम केलं की निम्मं चुकतंच. उरलेल्या पंचावन्नमध्ये शंख-शिंपले नाहीत. त्या कोणत्या दगडातून कोणामागे कोण कापल्या गेल्या ते लावून शेजारणीवरून ठरवायच्या. पॉप आता माझ्यासाठी बोली सोडून सावकाश बोलतात.

दुपारी पत्र आलं. या पत्त्यावर माझ्या नावाने आलेलं पहिलं पत्र. मी उघडलं ते उभ्यानेच.

वोल्फ्सबुर्गच्या वकीलबाईंचं आहे. ऊर्मिलातर्फे. घटस्फोटाआधी कायद्याने एक वर्ष विभक्त राहावं लागतं. ते वर्ष एक सप्टेंबरपासून सुरू झालं, ही तारीख आपण स्वतः कळवली आहे, मान्य असल्यास खाली सही करावी.

दोनदा वाचलं. मग यार्डाच्या मागे जाऊन फोन लावला.

"ऊर्मिला, पत्र आलं."

"हं."

"अगं पण मी येतोय ना, फेब्रुवारीत."

"नागेश, मी दारात सांगितलं होतं."

"अ‍ॅडव्हेंट म्हणाली होतीस. मी आलो होतो."

"तुला काम करायला तारीख लागते, म्हणून तारीख दिली. मी तेव्हा थांबलेलीच होते. तुला सांगायचा मी चार वेळा प्रयत्न केला. तू प्रत्येक वेळी थँक्यू म्हणालास."

फोन मीच ठेवला. मग दगडांच्या ढिगाआड मी रडलो. आई गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो.

१० डिसेंबर, बुधवार

कामावर गेलो नाही. बेकरीवालीने वर सूप आणून दिलं, काही न विचारता.

वही पहिल्यापासून वाचली. मला स्वतःलाच एक टपली मारावीशी वाटली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पाहुण्यांचा टॉवेलसुद्धा.

११ डिसेंबर, गुरुवार

वकीलबाईंच्या पत्रात खाली बारीक अक्षरात एक वाक्य आहे. विभक्त राहणं म्हणजे वेगळं घरच असं नाही. एका छपराखाली राहूनही जेवण आणि झोप वेगळी असेल, तर तेव्हापासून विभक्त धरतात. ते वाक्य मी काल दिवसभर वाचत होतो.

यंदाच्या फेब्रुवारीत हे जपानचं काम लागलं. सकाळी सहाला टोकियोची मीटिंग, म्हणून मी कामाच्या खोलीत गादी टाकली आणि साडेआठलाच झोपायला लागलो. जेवण सातच्या आत, उभ्याने, लॅपटॉपशेजारी. पहिल्या दिवशी ऊर्मिलाने ताट वाढून झाकून ठेवलं होतं आणि स्वतः थांबली होती. मी म्हटलं, तुम्ही जेवून घ्या, माझं आता असंच चालणार. दुसऱ्या दिवशी तिने दोनच ताटं घेतली. सोमवार होता, सतरा तारीख. मीटिंगच्या जुन्या निमंत्रणात बघून खात्री केली.

एक सप्टेंबरवर सही केली असती तर कोणाला काही कळलं नसतं. मला आणखी साडेसहा महिने मिळाले असते. साडेसहा महिन्यांत माणूस काहीही करू शकतो, फुलं पाठवू शकतो, जर्मनीभर गाड्या बदलत फिरू शकतो, विनवण्या करू शकतो. आणि तिला तेवढे महिने आणखी माझ्या नावाबरोबर काढावे लागले असते.

पत्राला उत्तर लिहिलं. तीन ओळी. एक सप्टेंबर ही तारीख माझ्या चुकीने कळवली गेली. आम्ही सतरा फेब्रुवारीपासून विभक्त आहोत. कृपया दुरुस्त करावी. सही केली आणि एक प्रत ऊर्मिलाला पाठवली.

तासाभराने तिचं उत्तर आलं, मराठीत टाइप केलेलं. ती कधी मराठीत टाइप करत नाही, तिला वेळ लागतो.

"माझ्याकडेही सतराच होती. तुला ती आठवत नसेल असं वाटलं, म्हणून तुझी घेतली."